घर ते गेट : या तासांचा हिशेब कोण देणार?

आठ तासांचा दिवस हा कामगार चळवळीने लढून मिळवलेला हक्क आहे. आपल्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केले आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. कामाच्या वेळेला मर्यादा घालण्याचा लढा तेव्हापासून आजतागायत चालू आहे. परंतु कामगाराचा दिवस खरोखर किती तासांचा असतो? हजेरीपुस्तक गेटवर उघडते आणि गेटवरच मिटते. घरातून निघाल्यापासून गेटपर्यंत आणि गेटपासून घरापर्यंत जो वेळ जातो, तो कोणत्याच रजिस्टरात लिहिला जात नाही. मालक म्हणतो, तो वेळ माझा नाही. सरकार म्हणते, तुम्ही लांब राहता त्याला आम्ही काय करणार?

साधा हिशेब करून पाहू. दीड तास जायला आणि दीड तास यायला धरले, तर रोजचे तीन तास झाले. महिन्याच्या २६ हजेऱ्यांचे ७८ तास होतात. आठ तासांच्या पाळीने भागले तर जवळजवळ दहा पाळ्या भरतात. म्हणजे दर महिन्याला कामगार दहा पाळ्या बिनपगारी भरतो आणि वर तिकिटाचे पैसेही स्वतःच्याच खिशातून देतो. बेंगळुरूच्या उपनगरांतून कामावर येणाऱ्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. पुष्कळांचा आकडा याहून मोठा आहे.

हा वेळ कामाचाच भाग आहे, असे आम्ही म्हणतो तेव्हा काहींना ते युनियनवाल्यांचे बोलणे वाटते. म्हणून कायदा काय म्हणतो ते पाहू. कामगार राज्य विमा कायद्यात २०१० साली कलम ५१-ई घालण्यात आले. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना अपघात झाला आणि वेळ, ठिकाण व नोकरी यांचा संबंध सिद्ध झाला, तर तो अपघात कामावरचाच मानला जातो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे तत्त्व आहे. त्या चार संहितांवर आमचे आक्षेप पुष्कळ आहेत आणि ते कायम राहतील. पण रस्त्यात मोडलेला पाय जर कामावर मोडलेला मानायचा, तर त्याच रस्त्यावर गेलेले तीन तास कामगाराचे खाजगी कसे?

चामराजपेटेतून दिसणारे शहर

आमचे बहुतेक वाचक महाराष्ट्रातले आहेत. त्यांना बेंगळुरू म्हटले की काचेच्या इमारती आणि संगणकवाली तरुण मंडळी आठवतात. आम्ही रेल्वे युनियनचे काम करतो ते चामराजपेटेतून. १८९२ साली वसवलेली ही पेठ आता शहराच्या पोटात आली आहे. एका अंगाला के. आर. मार्केट, दुसऱ्या अंगाला म्हैसूर रस्ता, जवळच मिंटो डोळ्यांचे इस्पितळ आणि व्हिक्टोरिया इस्पितळ. शेजारच्या जुन्या पेठांत सोन्याचांदीच्या धंद्यात सांगलीकडची, विटा-खानापूर-आटपाडीची गलाईवाली मंडळीही भेटतात. ३० वर्षे इथे राहूनही घरात मराठी बोलणारी आणि बाजारात अस्खलित कन्नड बोलणारी ही माणसे.

पहाटे मार्केटजवळच्या बसस्टँडवर उभे राहिले तर या शहराचे खरे कामगार दिसतात. फुलांच्या पाट्या घेऊन उतरणाऱ्या बायका, झाडलोटीच्या पाळीला निघालेले पौरकार्मिक, इस्पितळातल्या वॉर्डआया, शिवणकामाच्या कारखान्यांतल्या मुली, हमाल, रखवालदार. एकेकाळी यांपैकी बरीच माणसे चालत कामावर जाण्याच्या अंतरावर राहत. भाडी वाढली तशी ती केंगेरीकडे, मागडी रस्त्याकडे, नेलमंगल, होसकोटे, आनेकलकडे सरकली. काम मध्यवस्तीत राहिले, घर वीस-तीस किलोमीटर बाहेर गेले. दोहोंमध्ये जी गाडी हवी होती, तिची व्यवस्था मात्र कोणी केली नाही.

पूर्वी असे नव्हते. एचएमटी, आयटीआय, बीईएल, एचएएल या सार्वजनिक कारखान्यांच्या स्वतःच्या बसगाड्या होत्या. पाळीच्या वेळेला त्या वस्तीवस्तीतून निघत. याच कारखान्यांच्या कामगारांनी २६ डिसेंबर १९८० पासून ७७ दिवसांचा संप करून देशाचे लक्ष वेधले होते. कामगाराला गेटपर्यंत आणणे ही कारखान्याची जबाबदारी आहे, हे तेव्हा कोणाला शिकवावे लागत नसे. पुढे कायम नोकऱ्या आटल्या, कंत्राटदार आले आणि बसगाड्याही गेल्या. आज मोठ्या कंपन्या आपल्या इंजिनियरांसाठी गाड्या ठेवतात. त्याच गेटातून आत जाणारी झाडूवाली आणि रखवालदार मात्र दोन बस बदलून येतात.

कोलारची गाडी

ही गोष्ट सगळ्यात स्पष्ट दिसते ती कोलारच्या सोन्याच्या खाणीच्या माणसांत. केंद्र सरकारने २८ फेब्रुवारी २००१ रोजी भारत गोल्ड माइन्सचे काम बंद केले. शंभराहून अधिक वर्षे ज्या गावाने देशाला सोने दिले, त्या गावातली माणसे एका दिवसात उघड्यावर आली. गाव सोडणे सगळ्यांना शक्य नव्हते. मग मारिकुप्पम-बंगारपेट मार्गाने बेंगळुरूला येणारी गाडी हाच त्यांचा आधार झाला. आजही हजारो माणसे पहाटे अंधारात घर सोडतात, सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास करून बेंगळुरूत रखवाली, बांधकाम, दुकानकाम, हेल्परी करतात आणि रात्री परततात. मुले जागी असताना बापाचे तोंड पाहतात ती सुट्टीच्या दिवशीच.

खाण बंद करताना सरकारने पुनर्वसनाची पुष्कळ भाषा केली होती. प्रत्यक्षात या माणसांचे पुनर्वसन कोणी केले असेल, तर ते रेल्वेच्या स्वस्त पासाने. हा पास परवडतो म्हणून ती घरे अजून उभी आहेत. आम्हा रेल्वेवाल्यांना याचा अभिमान वाटतो आणि म्हणूनच पुढचा प्रश्न विचारण्याचा अधिकारही आम्हाला आहे. जे कोलारच्या बाजूने होते, ते बाकीच्या बाजूंनी पुरेसे का होत नाही?

रूळ आहेत, लोकल नाही

बेंगळुरूला १८६४ साली मद्रासकडून रेल्वे आली. आज शहरातून चेन्नई, म्हैसूर, तुमकूर, सेलम-होसूर, येलहंका-हिंदुपूर अशा दिशांना रूळ जातात आणि २०१७ पासून नेलमंगल-कुणिगलमार्गे हासनलाही जातात. मुंबईला समुद्रामुळे लांबच लांब पट्टीत वाढावे लागले. बेंगळुरूला तर चाकाच्या आऱ्यांसारखे मार्ग आयते मिळाले आहेत. येलहंक्याच्या रेल्वे कारखान्यात १९८४ पासून देशभरच्या गाड्यांची चाके आणि आस तयार होतात. बीईएमएलमध्ये डबे बनतात. चाके इथली, डबे इथले, रूळ दारात, आणि या शहराला स्वतःची लोकल नाही!

उपनगरी रेल्वेची सूचना १९८३ पासूनची आहे. समित्या झाल्या, अहवाल झाले, घोंगडे भिजतच राहिले. शेवटी ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने चार मार्गांच्या, १४८ किलोमीटरच्या आणि १५,७६७ कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. मार्गांना नावेही सुरेख दिली : संपिगे, मल्लिगे, पारिजात आणि कनक. २० जून २०२२ रोजी पंतप्रधानांनी पायाभरणी केली आणि ४० वर्षे रखडलेले काम ४० महिन्यांत करू असे सांगितले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते ४० महिने भरले, तेव्हा या चारांपैकी एकाही मार्गावर गाडी धावत नव्हती. फुलांची नावे देऊन फुले उमलत नाहीत.

नवे मार्ग होतील तेव्हा होतील. प्रश्न आजच्या रुळांचा आहे. प्रशासनाचे उत्तर ठरलेले असते : सेक्शन भरलेला आहे, लांब पल्ल्याच्या गाड्यांमुळे पाथ मिळत नाही. या उत्तरात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी सोडायची असेल, तर लोकल चालणार नाही हे आमच्या प्रत्येक स्टेशन मास्तरला कळते. पण त्याचे उपायही आम्हालाच ठाऊक आहेत. ऑटोमॅटिक सिग्नल टाकले की त्याच रुळांवर एकामागून एक गाड्या सोडता येतात. दुहेरीकरण रखडलेल्या ठिकाणी पूर्ण केले की क्रॉसिंगसाठी गाडी तिष्ठत राहत नाही. जून २०२२ मध्ये बैयप्पनहळ्ळीला नवे टर्मिनल सुरू झाले. लांबच्या गाड्या तिकडे नेल्यावर मुख्य स्टेशनात जी जागा मोकळी होते, ती सकाळ-संध्याकाळ मेमू गाड्यांना मिळाली पाहिजे.

आणि गाडी नुसती सोडून भागत नाही. जानेवारी २०२१ मध्ये देवनहळ्ळीच्या बाजूला विमानतळासाठी हॉल्ट स्टेशन सुरू झाले. विमानतळावर सामान वाहणारे, सफाई करणारे, स्वयंपाकघरात राबणारे हजारो कामगार तीन पाळ्यांत काम करतात. पण गाड्या मोजक्या आणि त्यांच्या वेळा पाळ्यांशी जुळेनात. डबे रिकामे धावले आणि मग रिकाम्या डब्यांकडे बोट दाखवून ‘प्रवासीच नाहीत’ असे म्हटले गेले. वेळापत्रक करणाऱ्याने एकदा पाळीचा भोंगा कधी वाजतो ते विचारले असते, तर ही वेळ आली नसती.

यात आमच्या रेल्वे बांधवांचाही प्रश्न आहे. नवी गाडी सुरू करायची आणि माणसे जुनीच ठेवायची, तर ती जुन्याच पाठींवर नवे ओझे होते. जून २०२४ मध्ये कांचनजंगा एक्सप्रेसच्या अपघातानंतर रेल्वेने सहायक लोको पायलटांच्या भरतीचा आकडा ५,६९६ वरून १८,७९९ वर नेला. जागा किती रिकाम्या होत्या, याची याहून मोठी कबुली कोणती? लोकल हवी, आणि ती विश्रांती मिळालेल्या माणसाच्या हातात हवी. या दोन मागण्या आम्ही एकाच कागदावर लिहितो.

मेट्रो कोणासाठी?

मेट्रोला आमचा विरोध नाही. २० ऑक्टोबर २०११ रोजी बैयप्पनहळ्ळी ते एम. जी. रोड हा पहिला टप्पा सुरू झाला. २०१७ साली चिकपेट आणि के. आर. मार्केटच्या पोटातून मेट्रो गेली, तेव्हा आमच्या पेठेलाही आनंद झाला. १० ऑगस्ट २०२५ रोजी बोम्मसंद्रापर्यंतचा पिवळा मार्ग सुरू झाला. कारखान्यांच्या त्या पट्ट्यातल्या कामगारांनी त्याची वर्षानुवर्षे वाट पाहिली होती. मार्ग बांधून तयार, पण गाड्याच नाहीत, अशी स्थिती होती. सुरुवातही तीन गाड्यांवर, पंचवीस मिनिटांना एक अशी करावी लागली.

आमचा आक्षेप भाड्यावर आहे. ९ फेब्रुवारी २०२५ पासून मेट्रोचे कमाल भाडे ६० वरून ९० रुपये झाले. काही टप्प्यांवर वाढ दुपटीपर्यंत गेली. लोक रस्त्यावर आले, तेव्हा काही दिवसांत ती ७१ टक्क्यांपर्यंत आणण्यात आली. कोणत्या कामगाराला एका वर्षात ७१ टक्के पगारवाढ मिळाली आहे? कमाल भाडे देणाऱ्याचा २६ दिवसांचा जाण्यायेण्याचा खर्च ३,१२० वरून ४,६८० रुपयांवर गेला. स्मार्ट कार्डाची सवलत धरली तरी फार फरक पडत नाही. त्यातच स्टेशनपासून घरापर्यंतच्या बसचे किंवा रिक्षाचे पैसे वेगळे. ज्याच्यासाठी मेट्रो बांधली असे सांगितले, तोच जिना उतरून पुन्हा दुचाकीकडे वळला.

ही वाढ ठरवते कोण? कायद्यानुसार भाडे ठरवणाऱ्या समितीत न्यायाधीश अध्यक्ष असतात आणि केंद्राचा एक व राज्याचा एक सदस्य असतो. रोज तिकीट काढणाऱ्याचा त्यात एकही माणूस नाही. वाढीवरून ओरड झाली तेव्हा केंद्राने राज्याकडे आणि राज्याने केंद्राकडे बोट दाखवले. दोघांचे भांडण, आणि भुर्दंड प्रवाशाला.

बस हाच कणा

या शहराचा भार खऱ्या अर्थाने वाहते ती बीएमटीसीची बस. १९९७ साली वेगळ्या झालेल्या या महामंडळाच्या सुमारे सात हजार बसगाड्यांतून रोज चाळीस लाखांच्या आसपास प्रवास होतात. मेट्रो आजही त्याच्या चौथाईच्या घरात आहे. शहरात नोंदलेली वाहने एक कोटीच्या वर गेली. त्या मानाने बसगाड्या वाढल्या नाहीत. ५ जानेवारी २०२५ पासून बसभाडेही १५ टक्क्यांनी वाढले आणि १,०५० रुपयांचा महिन्याचा पास १,२०० वर गेला.

आता ‘शक्ती’ योजनेविषयी. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या बसमधून मोफत प्रवास आहे. २०२५ च्या जुलैत या फेऱ्यांचा आकडा ५०० कोटींवर गेला. आमच्याच काही मित्रांना ही योजना उधळपट्टी वाटते. गर्दी वाढली, कंडक्टरचा जीव मेटाकुटीला आला, महामंडळ बुडेल, असे ते म्हणतात. आम्ही या मताचे नाही. याच बेंगळुरूत एप्रिल २०१६ मध्ये भविष्यनिर्वाह निधीच्या नव्या नियमाविरुद्ध शिवणकारखान्यांतल्या हजारो बायका कोणत्याही मोठ्या पुढाऱ्याशिवाय रस्त्यावर उतरल्या आणि केंद्र सरकारला नियम मागे घ्यायला लावला. या बायकांच्या हातात महिन्याकाठी भाड्याचे पैसे उरले, तर ती उधळपट्टी नव्हे. भाडे लागत नसेल तर दूरच्या पण बऱ्या पगाराच्या कामाचा विचार करता येतो. जवळच्या मालकाची मुजोरी सहन करावी लागत नाही.

परंतु मोफत तिकिटाचे पैसे सरकारने महामंडळाला महिन्याच्या महिन्याला पूर्ण दिलेच पाहिजेत. सरकारने टाळ्या घ्यायच्या आणि थकबाकी ड्रायव्हर-कंडक्टरच्या वेतनकरारातून वसूल व्हायची, हे चालणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये सहाव्या वेतन आयोगाप्रमाणे पगार मागणाऱ्या परिवहन कामगारांनी दोन आठवडे संप केला. उत्तर मिळाले ते बडतर्फीचे, निलंबनाचे आणि बदल्यांचे. ५ ऑगस्ट २०२५ रोजी ३८ महिन्यांच्या फरकासाठी पुन्हा संपाची वेळ आली आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने तो थांबला. मागणी मात्र तिथेच राहिली.

दुसरी गोष्ट विजेवरच्या बसगाड्यांची. गाडी कंपनीची, ड्रायव्हर कंत्राटदाराचा, कंडक्टर महामंडळाचा, अशी ही तीन तुकड्यांची व्यवस्था. एकाच बसमध्ये दोघे, पण दोघांचे मालक वेगळे, पगार वेगळे, सुरक्षितता वेगळी. मुंबईच्या बेस्टमध्ये भाड्याच्या गाड्यांनी काय झाले ते आमच्या वाचकांना ठाऊक आहे. स्वतःचा ताफा आटला आणि मे २०२५ मध्ये किमान भाडे ५ वरून १० रुपये झाले. कंत्राटाने बस स्वस्त होते हे सांगणाऱ्यांनी हे उत्तर वाचावे.

पैसे नाहीत म्हणता?

सरकारी तिजोरीत पैसे नाहीत, असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. मग हेब्बाळ ते सिल्क बोर्ड हा सुमारे १७ किलोमीटरचा बोगदा-रस्ता सतरा हजार कोटींच्या वर खर्चून करण्याचा घाट कसा घातला जातो? १४८ किलोमीटरची उपनगरी रेल्वे २०२० च्या हिशेबाने १५,७६७ कोटींची होती. आज तो आकडा वाढणार हे आम्हाला मान्य आहे. तरी १७ किलोमीटरच्या बोगद्यातून मोटारी जाणार, आणि १४८ किलोमीटरच्या रुळांवरून माणसे जाणार, हा फरक कोणत्या हिशेबाने भरून काढणार?

मुंबईची लोकल म्हणजे स्वर्ग आहे, असेही आम्ही म्हणत नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ भरल्या गाड्यांच्या दारातून माणसे पडून मेली. ते दुःख ताजे आहे. पण ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेची पहिली लोकल धावली तेव्हापासून मुंबईच्या कामगाराला कल्याण-वसईहून स्वस्तात कामावर पोचता येते, म्हणून ते शहर उभे राहिले. मुंबईपासून स्वस्त पास घ्यावा, आणि गर्दीने माणसे मरेपर्यंत डबे न वाढवण्याची सवय घेऊ नये.

आमच्या मागण्या

१. आहे त्या रुळांवर, सर्व दिशांना, कामगारांच्या पाळ्या पाहून सकाळ-संध्याकाळ मेमू गाड्या वाढवा. त्याआधी रनिंग स्टाफच्या रिकाम्या जागा भरा.

२. बस, मेट्रो आणि रेल्वे या तिन्हींसाठी एकच मासिक पास द्या आणि त्याची किंमत किमान वेतनाशी बांधा.

३. भाडे ठरवणाऱ्या समितीत प्रवासी आणि कामगार यांचे प्रतिनिधी घ्या.

४. ‘शक्ती’चे पैसे महामंडळांना दरमहा द्या, थकबाकी फेडा.

५. विजेच्या बसवरील कंत्राटी ड्रायव्हरांना कायम ड्रायव्हरांइतके वेतन द्या आणि टप्प्याटप्प्याने सेवेत घ्या. उपनगरी रेल्वे ज्या कंपनीकडे असेल, तिनेही कायम कामगारच नेमावेत.

६. बोगद्याआधी लोकल. १४८ किलोमीटरचे काम कोणत्या महिन्यात कुठवर येणार, त्याचे वेळापत्रक जाहीर करा.

७. प्रत्येक वेतनकरारात प्रवासभत्त्याचे कलम घाला. कंत्राटी कामगारांचा प्रवासखर्च मूळ मालकाने द्यावा.

शेवटची मागणी सरकारकडे नाही, आपल्याकडे आहे. रेल्वेची युनियन वेगळी, बसची वेगळी, मेट्रोची वेगळी आणि कारखान्यांच्या आणखी वेगळ्या. प्रत्येक जण आपल्या गेटपुरता लढतो. बस बंद पडली की प्रवासी कंडक्टरला शिव्या देतो, लोकल उशिरा आली की मोटरमनवर दगड पडतो. वरचे साहेब ते खिडकीतून पाहतात. १९७४ च्या मे महिन्यात २० दिवसांचा रेल्वे संप झाला. त्याचे नेतृत्व करणाऱ्या जॉर्ज फर्नांडिस यांचे तरुणपण याच बेंगळुरूत सेमिनरीत गेले आणि पुढची लढाई मुंबईच्या रस्त्यावर. तो संप दडपला गेला, पण रेल्वे कामगार एक झाला की देशाला दखल घ्यावी लागते हे त्याने दाखवले.

बंधू-भगिनींनो, गाडी चालवणारा कामगार आहे, तिकीट फाडणारा कामगार आहे आणि दांडीला लोंबकळणाराही कामगारच आहे. चामराजपेट, केंगेरी, बंगारपेट, येलहंका, जिथे जिथे आपली शाखा आहे, तिथे बस, रेल्वे आणि मेट्रोच्या कामगारांनी प्रवाशांना बरोबर घेऊन समिती स्थापन करावी, घर ते गेट लागणारा वेळ आणि खर्च प्रत्येक सभासदाकडून लिहून घ्यावा आणि तो हिशेब पुढच्या वाटाघाटीच्या टेबलावर ठेवावा. बिनपगारी दहा पाळ्यांचे बिल आता सादर करण्याची वेळ आली आहे.